साध्या सुताचा काठ

नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानात सासूबाई गादीवर ऐसपैस बसून एकामागून एक साडी नाकारत होत्या, तेव्हा सुकन्याचा पदर मागून कुणीतरी धरला. धरला म्हणजे हिसडा दिला नाही, नुसता काठाला हात लागला. तिनं मान वळवली. मागं बुरख्यातली एक बाई उभी होती, हातात स्वतःच्याच खरेदीची पिशवी. ती सुकन्याच्या कानाशी आली आणि दुकानदाराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "बाजी, पीछू दाग लगा हय. पदर नीचे छोडो, कुछ नै दिखता." आणि बोलता बोलता तिनंच सुकन्याचा खोचलेला पदर सोडवला, कमरेखाली नीट पसरवला, वर एक हात फिरवून पाहिला आणि जिना उतरून गेली. चेहरा दिसलाच नाही. सुकन्या जागच्या जागी उभी राहिली. अनोळखी बाईचा हात, नको त्या जागी लागलेला, आणि त्या हाताला जरासुद्धा संकोच नव्हता. कितीतरी दिवसांत आपल्याला असं कुणी शिवलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. "कोण गं ती? वळखीची का?" गादीवरून मथुराबाईंनी विचारलं. "नाही." "मंग काय म्हणली?" "पदर अडकला होता, सोडवून दिला." मथुराबाईंचं समाधान झालं आणि त्या पुन्हा काठांकडे वळल्या. सुकन्यालाही आता खोटं बोलायला विचार करावा लागत नव्हता.

दिवाळीपासून हे चाललं होतं. अंगावर जायचं ते थांबायचंच नाव घेईना. मधे चार दिवस बरे जात, आता संपलं म्हणून ती सुटकेचा श्वास टाकी, की पुन्हा सुरू. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, गाठी आहेत, पिशवी काढून टाकू, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं डॉक्टरांच्या दृष्टीनं नव्हतं. अजिनाथ, तिचा नवरा, स्वभावानं गरीब माणूस, त्यानं गोळ्या आणल्या, लोखंडाच्या, खजूर आणला, आणि दार लोटून घेऊन म्हणाला, "कुणाला बोलू नको. आधी आपल्या प्रियाचं लग्न होऊ दे. मग माहेरी गेली म्हणून सांगू आणि उरकून घेऊ." त्याचं चुकीचं होतं असंही नाही. घरात मथुराबाईंचं सोवळं. माढ्याकडच्या शेतकरी घरातली बाई, उभं आयुष्य उन्हातान्हात काढलं, पण कावळा शिवला की चार दिवस चुलीकडे फिरकली नाही. आणि सुनेनंही इतकी वर्षं ते पाळलं. विम्याच्या ऑफिसात काउंटरवर बसणारी सुकन्या घरी आली की त्या चार दिवसांत बाल्कनीकडेच्या खोलीत ताट घेऊन बसे. चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने कोण बाजूला बसणार? म्हणून ती लपवत राहिली. संक्रांतीचं सुगड पुजलं, देवाचा नैवेद्य केला, सासूच्या पाया पडली, आणि प्रत्येक वेळी आतून चोरासारखी झाली. गडद साड्या नेसायची सवय लागली होती. आजच तेवढं मथुराबाईंनी दारात अडवलं होतं: "मंगल कार्याची खरेदी, आन काळंनिळं काय नेसतीस? ती पिवळी नेस की." नेसली. आणि आज दुपारी तर हळद दळायची होती. पाच सवाष्णी यायच्या, जात्याला हळकुंड बांधायचं, आणि जात्याच्या खुंट्याला पहिला हात नवरीच्या आईचा. लेक एकच. हात पुन्हा एकदा चोरून लावायचा, नाहीतर खरं सांगून तिच्या हळदीला खोलीत जाऊन बसायचं. याहून तिसरं काही तिला सुचत नव्हतं.

रिक्षात ती अंग चोरून, एका बाजूला रेलून बसली. मांडीवर साड्यांच्या पिशव्या. ऊन अजून माघाचंच, पण सोलापूरचं ऊन पंचांग बघत नाही. रिक्षाचं रेक्झीन तापलं होतं. चादरीच्या दुकानांवरून रिक्षा गेली, बाहेर टांगलेल्या चादरींचा नव्या सुताचा आणि खळीचा वास आला, आणि त्या वासाच्या मागोमाग दुसरा एक वास आला, जो त्या रस्त्यावर असण्याचं काही कारण नव्हतं: उकळलेल्या चिंचोक्यांच्या खळीचा आणि ओल्या लोकरीचा. मैंदर्गीच्या अलीकडचं माहेरचं गाव. वडील, बिरप्पा, मागावर बसलेले. काळ्या मेंढीची काळी लोकर, तिला रंग लागत नाही. आणि घरापासून चार पावलं लांब, बोरीच्या झाडाखाली गवतानं शाकारलेलं सपर, सपरात ओटा, ओट्यावर अंथरलेली घोंगडी आणि घोंगडीवर आई. केराबाई. सुकन्याला आठवतं तशी आई तिथंच बसलेली. सुकन्याच्या पाठचा भाऊ पोटातच गेला, तेव्हापासून आईच्या अंगावर जायला लागलं ते वर्षानुवर्षं थांबलं नाही. आजीनं शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त बाहेर ठेवलं. भाकरी वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. ओट्यावर घोंगडी मात्र होती, कारण घोंगडीला विटाळ नसतो. लोकर कधी ओवळी होत नाही, हे त्यांच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

पोरगी आईकडे धावायची आणि परत आली की आजी तिला दारात उभी करून अंगातलं काढून घ्यायची, डोक्यावरून पाणी ओतायची. थंडीच्या दिवसांत ती पाण्याला इतकी भ्यायला लागली की आईकडे जाणंच कमी झालं. तेव्हा बिरप्पानं, जो दिवसभरात दहा शब्दही बोलायचा नाही, मागावर एक लहान घोंगडी घातली. हात-दीड हात रुंदीची. मोठ्या घोंगडीला करतात तसाच तिचा काठ केला, आणि एक टोक दुमडून तिची खोळ करून पोरीच्या डोक्यावर घातली. "आता जा आईकडं," एवढंच म्हणाला. लोकर पांघरलेल्या पोरीला विटाळ लागत नाही. आजीला बोलायला जागा उरली नाही. मग काय, सुकन्या दिवसच्या दिवस त्या खोळीत. लोकर मानेला टोचायची, उन्हात अंग घामानं भिजायचं, पण खोळीच्या आत आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं की बोरीची पानं दिसायची, आई तिच्या केसांतून बोटं फिरवायची आणि कानडी-मराठी मिसळून काहीबाही सांगायची. जगात कुणाची आई इतकी मोकळी नव्हती. इतर आया रानात, चुलीपाशी, मेंढरांमागं. सुकन्याची आई कायम ओट्यावर, कायम तिची. आयुष्यातली सगळ्यात सुखाची जागा कोणती असं कुणी विचारलं तर आपण तो ओटाच सांगू, हे सुकन्याला पक्कं माहीत होतं. आणि त्याच्या पुढचंही माहीत होतं, की तेच सुख आईला केवढ्याला पडलं असेल. त्या विचारापाशी आली की ती नेहमी दुसरीकडे बघायची. आत्ताही तिनं रिक्षाबाहेर बघितलं.

"गप का गं बसलीस?" मथुराबाईंनी विचारलं. "दमलीस व्हय? तोंड पांढरं पडलंय. लेकीच्या लग्नात आईनं आजारी पडू नये, लोक नावं ठिवत्यात." "ऊन लागलं थोडं." "घरी गेल्यावर कोकम घे." म्हातारीनं आपल्या पदरानं सुनेच्या कपाळावरचा घाम टिपला. तो पदर परत आपल्या खांद्यावर टाकताना तिला काही ठाऊक नव्हतं. आणि सुकन्याला वाटलं, आत्ता कळलं तर ही हाच पदर पिळून धुवायला टाकेल. तरीही कपाळावर तो हात बरा वाटला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सुकन्याच्या लहानपणी ईरम्मा आली ती अशाच उन्हात. मिशनच्या दवाखान्यातली नर्स, अक्कलकोटच्या बाजूची, बोलणं सगळं कानडी वळणाचं. पोरांना लस टोचायला गावात आली होती, आणि परत जाताना ओट्याशी थांबली. "यव्वा, पाणी दे," म्हणाली. केराबाईनं घराकडे बोट दाखवलं: तिकडे मागा. ईरम्मा म्हणाली, "तुझ्याजवळचा तांब्या भरलेला दिसतोय की." आणि ओट्यावर चढून केराबाईच्या घोंगडीवर बसली, मांडीला मांडी लावून, आणि तिच्याच तांब्यातलं पाणी वरून न पिता ओठ लावून प्याली. सुकन्या खोळीतून बघत होती. आईचा चेहरा तेव्हा कसा झाला ते तिला कधी नीट सांगता आलं नाही. आई रडली नाही. आई घाबरली. पाणी पिणाऱ्या बाईचंच आता काहीतरी वाईट होईल, अशी तिच्याकडे बघत राहिली. त्यानंतर ईरम्मा गावात आली की ओट्यावर यायचीच. गोळ्या आणायची, आणि गोष्टी सांगायची. तिच्या येशूच्या गोष्टी. केराबाईला त्यातलं देवाधर्माचं फार काही कळायचं नाही; तिला तो माणूस मेंढरं राखणारा म्हणून आपल्यातला वाटायचा.

"एक बाई हुती, यव्वा," ईरम्मा सांगायची, "तुझ्यासारकीच. बारा वर्सं अंगावर जात हुतं. वैद झाले, औशिदं झाली, घरातलं हुतं न्हवतं गेलं, गुण न्हाई. कुणी शिवू देत न्हवतं. मग एक दिवस तो गर्दीतनं चाललाय म्हणून कळलं, तशी ही मागनं गेली आन त्याच्या पांघरुणाच्या काठाला हात लावला. नुसता काठाला. आन तिथंच तिचं थांबलं." केराबाईनं विचार केला आणि म्हणाली, "घोंगडी असंल." "काय?" "त्याचं पांघरून. मेंढरं राखणारा घोंगडीबिगर कसा जाईल? आन घोंगडीला विटाळ न्हाय. म्हणून चाललं त्याला." ईरम्मा इतकी हसली की तिला तोंडात पदर कोंबावा लागला. मग हसू आवरून तिनं केराबाईचा हात हातात घेतला. "न्हाई यव्वा. घोंगडी असती तर त्यात काय मोठंपण? ते तर तुझी सासूबी चालवून घेती. माझ्या डोळ्यांपुढं येतं ते साध्या सुताचंच. तुझ्यामाझ्या लुगड्यासारकं. विटाळ लागणारं. आन तरीबी तो मागं सरकला न्हाई. दुसऱ्या एकाला महारोग हुता, त्याला तर ह्यानं आपणहून हात लावला. ज्याला कुणी जेवायला बसवत न्हवतं त्याच्या ताटाला ताट लावून जेवायचा."

केराबाईला ते पटलं की नाही कळलं नाही, पण गोष्टीतलं दुसरं काहीतरी तिला सलत राहिलं, कारण पुढच्या खेपेला तिनं ते पुन्हा काढलं. त्या बाईनं शिवल्यावर तो थांबला आणि सगळ्यांदेखत विचारू लागला, मला कोण शिवलं? हे कशाला? "बिचारी चोरून आली हुती. गप जाऊ द्यायचं की. चारचौघांत उघडी कशाला पाडली? मी असते तर लाजंनं मेले असते." ईरम्मा थोडा वेळ बोरीची पानं तोडत बसली. "मलाबी लई दिवस तसंच वाटायचं. मग वाटलं, गप गेली असती तर घरच्यांनी तिला आत घेतलं असतं का? बरी हूनबी बाहेरचीच ऱ्हायली असती. म्हणून त्यानं तिच्या तोंडनं समद्यांम्होरं वदवलं, आन समद्यांम्होरं तिला लेक म्हणलं. त्यानं लेक म्हणल्यावर तिला बाहेर बसवायची कुणाची छाती हुती?" केराबाई मान हलवत राहिली. नाही, तिला नाहीच पटलं.

ईरम्मानंच पुढं तिला दवाखान्यात नेलं. बिरप्पानं घरात सांगितलं, माहेरी गेलीय. पिशवी काढली, टाके सुकले, केराबाई परत आली. अंगावर जायचं थांबलं. आणि ती येऊन ओट्यावर बसली. कुणाला सांगणार? सांगायचं तर दवाखान्यात काय काय झालं ते सांगायला हवं, आणि बिरप्पा म्हणाला होता, बोलू नको. आजी भाकरी वरूनच टाकत राहिली. एकदा बिरोबाच्या नैवेद्याच्या दिवशी केराबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. सुकन्या खोळ घेऊन मागं उभी होती, आई आत जाणार म्हणून वाट बघत. आजीनं ताट वाढता वाढता वर बघितलं, नुसतं बघितलं. केराबाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून ओट्यावर आली. "हितंच बरं हाय," ती म्हणाली, "हितं वारं तरी लागतं." ईरम्माची तोवर बदली झाली होती. केराबाई बरी होऊन पुढं कितीतरी वर्षं जगली, नातीचं तोंड पाहिलं, आणि गेली तीही त्या ओट्यावरच.

दुपारी हॉल माणसांनी भरला. जातं बजाबाईंनी, शेजारच्या थोरल्या सवाष्णीनं, गावाकडून आणवलं होतं. लिफ्टमधून वर आणताना वॉचमननं कुरकुर केली त्याचा किस्सा त्या सगळ्यांना ऐकवत होत्या. जात्याला हळकुंड बांधलं, हळदीकुंकू वाहिलं. नवरीला बसायला मथुराबाईंनी घोंगडीच पाहिजे म्हणून सांगितलं होतं, आणि घरात दुसरी नव्हती म्हणून कपाटातली ती लहान घोंगडी काढली होती. प्रियदर्शनी, पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसणारी, हळदीच्या रंगाचा सुती ड्रेस घालून त्या टीचभर घोंगडीवर कशीबशी मावून बसली होती आणि हसत होती. तिला घोंगडीची गोष्ट ठाऊक होती. लहानपणी झोपताना तीच मागायची. सुकन्या अंघोळ करून, साडी बदलून, गडद जांभळी नेसून बाहेर आली आणि हॉलच्या उंबऱ्यावर थांबली.

"ये गं सुकन्या," बजाबाई म्हणाल्या, "खुंट्याला हात लाव, म्हंजी आमी सुरू करतो." सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. सोपं होतं. चार पावलं, हात लावायचा, गाणं सुरू होईल, संपलं. पुढच्या महिन्यात माहेरी जायचं आणि बरी होऊन यायचं, कुणाला काही न सांगता. तिचं पाऊल उचललंही. तेव्हा तिला कमरेपाशी तो हात जाणवला, सकाळचा, पदर पसरवणारा. आणि धुतलेल्या लुगड्यातली आई दिसली, तोंड उघडून मिटणारी. सुकन्या होती तिथंच उंबऱ्याशी खाली बसली. "मला हात लावता यायचा नाही," ती म्हणाली. "मी बाहेरची आहे. दिवाळीपासून. अंगावर जातंय, थांबत नाही. ऑपरेशन करायचंय. मी लपवलं." आवाज तिला स्वतःलाच लांबून ऐकू आला. मग तिनं आणखी एक सांगितलं, जे सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं. "पण मला माझ्या लेकीच्या हळदीला इथं बसायचंय. आत जाऊन बसणार नाही."

बजाबाईंनी आपल्या साडीचा घोळ जरा आवरून घेतला. मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत सुकन्या बघत राहिली. "दिवाळीपासनं?" "होय." "मंग संक्रांतीला?" "तेव्हाही." "देवाचा निवद तूच केलास की." "मीच केला." म्हातारीचे ओठ हलत होते, मनात कसला तरी हिशेब लागत नव्हता. आणि मग, रागानं नव्हे, दुखावल्यासारखं म्हणाली, "येवढे दिस एकटीनंच सोसलंस? मला बोलली असतीस तर मी काय खाल्लं असतं तुला?" बोलली असती तर काय झालं असतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात प्रियदर्शनी उठली. बुडाखालची घोंगडी तिनं उचलली, झटकली, एक टोक दुमडून खोळ केली आणि डोक्यावर घातली. ती तिच्या खांद्यांपर्यंतही पोचेना. त्या अवतारात ती हॉल ओलांडून आली आणि आईसमोर गुडघ्यांवर बसली. बायकांतल्या कुणाला तरी हसू फुटलं. सुकन्यानं खोळीच्या आतलं ते तोंड पाहिलं, लोकरीचा वास आला, मानेला टोचल्याचं आठवलं, आणि बोरीखालचं सगळं सुख तिच्या डोळ्यांशी आलं. इथं डोकं टेकवून घ्यावं, केसांतून बोटं फिरवावीत, असं तिला फार वाटलं. पण तिनं हात पुढं केला आणि लेकीच्या डोक्यावरून घोंगडी काढली. घडी करून बाजूला ठेवली.

"ही नको," ती म्हणाली. "तशीच ये."

प्रियदर्शनी तशीच आली, आणि तिच्या सुती बाहीवरची जात्याच्या पूजेची हळद सुकन्याच्या गालाला लागली. त्या दोघींकडे बघत मथुराबाई म्हणाल्या, "बजाबाई, बसून काय ऱ्हायलाव? नवरीची आई उंबऱ्यापाशी बसलीया. जातं तिकडं सरकवा." बजाबाईंनी एकदा मथुराबाईंकडे पाहिलं, एकदा जात्याकडे. मग साडीचा घोळ कमरेला खोचला आणि दगडाला हात घातला.